भोंग्याचा पहिला नंबर

भोंग्याच्या छातीवर बाळ झोपलं आणि नेमका तेव्हाच त्याचा नंबर लागला.

फुटबॉलचा नवा सीझन शनिवारी सुरू होणार होता. या चौघांच्या फँटसी लीगचं दरवर्षी असंच असायचं. कॉलेजातले मित्र एका टेबलाभोवती बसायचे आणि खऱ्या खेळाडूंतून एकेक नाव उचलून आपापला संघ बांधायचे. पुढे मैदानावर गोल त्या खेळाडूने मारायचा आणि कॉलर यांनी ताठ करायची. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला नाही. यंदा चिठ्ठ्या टाकल्या तर पहिलं नाव भोंग्याचं निघालं. पहिला नंबर म्हणजे बुलडोझर. त्या आडदांड स्ट्रायकरचं हे नाव यांनीच ठेवलेलं. तो आपल्या संघात यावा म्हणून भोंगा कधीपासून जीव टाकत होता.

बाळाच्या आईने, म्हणजे चौघांतल्या चौथीने, तर ग्रुपवर कळवून टाकलं होतं, ‘या वर्षी मला धरू नका.’ दोनदा लीग जिंकलेली बाई, पण आता तिचा सगळा जीव बाळाच्या श्वासात अडकलेला. रडलं तरी धावायची, नाही रडलं तरी धावायची. तिच्या निरोपाला उत्तर आलंच नाही. आज दुपारी तिघे लॅपटॉप घेऊन थेट दारात उभे राहिले. चिठ्ठ्यांत तिचंही नाव घातलं, तिला न विचारता.

बाळ सकाळपासून किरकिरत होतं. कुणाच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती. “दे इकडे. शाळेत पन्नास वानरं सांभाळतो मी,” असं म्हणत भोंग्याने, म्हणजे पीटीच्या मास्तरने, ते जवळजवळ काढूनच घेतलं. येरझाऱ्या घातल्या, मग सोफ्यावर मागे रेलला. बाळाचे डोळे मिटले. तिने आपली खुर्ची सोफ्याकडे वळवली होती आणि दोन्ही हात अजून अर्धवट पुढेच होते.

“बोल,” बँकेतला मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला आणि त्याने दहाही बोटं वर धरली. नाव घ्यायला दहा सेकंद, नाहीतर नंबर थेट शेवटी; एरवी वेळ संपली की बेल वाजायची, पण बाळ उठायला नको म्हणून आज ती बोटांवर मोजायची होती. एकेक बोट मिटायला लागलं.

भोंग्याने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

त्याला भोंगा उगाच म्हणत नव्हते. त्याची कुजबुजसुद्धा जिन्यापर्यंत जायची. आणि तो आवाज ज्या छातीतून निघायचा, तिथेच बाळाचा कान टेकलेला.

“अरे, बुलडोझर लिही ना त्याच्या नावावर. जगाला माहितीये,” दातांचा डॉक्टर पुटपुटला.

“ज्याचं त्यानेच बोलायचं. खाणाखुणा बाद, दुसऱ्याची वकिली बाद. नियम कुणाचा?” मॅनेजर म्हणाला.

दोघांनी सोफ्याकडे पाहिलं. नियम भोंग्याचाच होता. गेल्या सीझनला तुम्ही दोघं डोळे मिचकावून संगनमत करता, असा आरोप करून, टेबलावर मुठी आपटून त्यानेच तो पास करून घेतला होता.

ती उठायला लागली. बाळ घ्यावं, याला मोकळं करावं. हात बदलला की बाळ टक्क जागं होणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. भोंग्याने मान हलवली, जेमतेम. बस खाली, असं.

सहा बोटं. पाच.

साध्या ऑफसाइडवरून तासभर भांडणारा माणूस हा. आता त्याचा एक हात बाळाच्या मानेखाली होता, दुसरा पाठीवर. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण तो सावरायलाही त्याने हात काढला नाही. ती बघत राहिली. तो श्वाससुद्धा बाळाच्या श्वासामागून घेत होता. इतकं आपल्याला तरी जमतं का, असं तिच्या मनात आलं.

शेवटचं बोट मिटलं.

“गेला नंबर,” मॅनेजर म्हणाला. त्यालाही ते काही गोड लागलेलं दिसलं नाही. “तुझी निवड आता सगळ्यांत शेवटी. चला, चॅम्पियन, तुझा नंबर.”

“मी कुठे खेळतेय?”

उत्तरादाखल त्याने पुन्हा दहा बोटं वर केली.

भलतंच कुणाचं तरी नाव घेऊन टाकावं, असं तिला वाटलं. पण मग बुलडोझर पुढच्या नंबरच्या डॉक्टरच्या घशात जाणार. आणि याचे उपकार काय मुद्दाम हरून फेडायचे? तिने भोंग्याकडे पाहिलं. त्याने भुवया उंचावल्या. त्या नजरेत दयामाया अजिबात नव्हती. होती ती जुनी खुन्नस. आहे का हिंमत?

“बुलडोझर,” ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, स्वच्छ.

बाळ हललं नाही. या आवाजाची त्याला पोटात असल्यापासूनची ओळख.

“लाज वाटते का गं?” डॉक्टरने हसू दाबायला तोंडावर हात धरला. “तुझंच पोर घेऊन बसलाय तो!”

“मग? लिही रे तू.”

काळजावर वार झाल्यासारखे भोंग्याने डोळे घट्ट मिटले. ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण शिवी चांगली सणसणीत होती. ती जिथे संपली तिथून हसू सुरू झालं. हात जागचे हलले नाहीत.

“गोलकीपर कोण कोण शिल्लक आहेत? बघू,” ती म्हणाली. तिने खुर्ची उचलून टेबलाकडे फिरवली, लॅपटॉप स्वतःपुढे ओढला आणि नावं वाचायला लागली. बाळाकडे आता तिची पाठ होती.