सुतकातला चहा

पुतळाबाईच्या नवऱ्याला, धर्माला, सकाळीच स्मशानात नेलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या नव्या बिल्डिंगमधली ऋतिका थर्मास भरून चहा घेऊन आली. पुतळाबाईनं अजून टिपूस काढलं नव्हतं. "ही रडली नाही तर दुःख छातीत धरून बसेल," अशी जावांची कुजबुज चालली होती.

पुतळाबाईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय गो हा चा?"

"भाजलेल्या जवाचा आहे, काकी. त्यात बेरी घातल्यात. यानं झोप उडत नाही."

"माझा मानूस गेला, नि तुला माझ्या झोपेची पडलीय? जव करपवलंस, वर करवंदं चुरडलीस, नि याला चा म्हनतेस? आमच्या म्हशीनं पन तोंड लावलं नसतं."

एक जाऊ पदराआड हसली. पुतळाबाईला चेव आला. असल्या पाण्याला नावं ठेवायला आणखी एक जीभ हवीच, म्हणून तिनं सवयीनं कप डावीकडे धरला.

"घ्या. आता तुमीच बघा."



धर्माच्या रिकाम्या खुर्चीपुढं कप तसाच धरून पुतळाबाईनं हंबरडा फोडला.