भरल्या दुकानात

माप घेताना मी आकडा कधीच मोठ्याने बोलत नाही. बाईचं माप शिवणाऱ्या बाईच्या पोटातच राहायला हवं. पुतण्याने दुकानात फुकटचं ॲप आणलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांची मापं फोननंबरासकट त्यात भरली. आज नेहमीच्या एक बाई तणतणत आल्या. त्यांच्या मोबाइलवर जाहिरात आली होती: “कंबर अडतीस? आमच्या गोळ्या घ्या!” पुतण्या हसला. “त्यात काय एवढं? कोणाला कळणार आहे? मापं फक्त कंपनीकडे जातात.” बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्यातली टेप काढून, भरल्या दुकानात त्याच्या पोटाभोवती, मग छातीभोवती आवळली आणि ओरडले, “पोट चव्वेचाळीस! छाती चाळीस! आता याचा फोननंबर सांगते, लिहून घ्या!” तो लालबुंद झाला. “काकू, हळू बोल! लोकांना ऐकू जातंय!” “मग तुझी कंपनी काय बहिरी आहे?”