आवाजाची तालीम

“हात नुसता उगारायचा. तिला लागला तर मी तुला लावीन,” बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला.

नवऱ्याचं काम करणारा लंबू बायको झालेल्या मुलीसमोर हात वर धरूनच उभा होता. “बाई, हिला मारायची माझी टाप आहे का? गोळाफेकीत पहिली आलीये ही.”

“मग तर जपूनच उगार.”

उद्या शाळेच्या मैदानावर पालकांसमोर नाटक होतं. घरात बायकोला होणारी मारहाण दाखवायची, पण मुलांनी मुलांना हात लावायचा नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. लंबूनं हात उगारला की दोरीवरची चादर ओढून घ्यायची. पुढचं सगळं लोकांनी नुसतं ऐकायचं.

आवाज काही जमत नव्हते. एकानं बाक आपटला. दुसरीनं स्टीलचं ताट फरशीवर सोडलं, ते गरगरत कोपऱ्यात जाऊन आडवं झालं. तिसऱ्यानं अशी किंकाळी फोडली, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

“शेपूट दारात सापडलं का रे तुझं?” बाई म्हणाल्या. पुन्हा हशा.

“असं नसतं, बाई.”

कोपऱ्यातलं ताट उचलायला वाकलेली मुलगी बोलली होती. वर्गात तिला मुंगी म्हणत. हजेरीलाही ती पुटपुटायची.

“मग कसं असतं? करून दाखव बघू,” बाई सहज बोलून गेल्या.

मुंगी ताट घेऊन चादरीमागे गेली. आधी ती बातम्या सांगू लागली. हळू, मग मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं. कुठल्याशा पुलाचं उद्‌घाटन, उद्याचं हवामान. तिचा एवढा आवाज कुणीच कधी ऐकला नव्हता. मुलं खुदखुदली.

“ए मुंगे, बातम्या कशाला गं?”

“आधी टीव्ही मोठा करतात,” चादरीमागून उत्तर आलं.

बातम्या चालू राहिल्या. मध्येच धप्प झालं, भरलेलं दप्तर भिंतीवर आदळावं तसं. थोड्या वेळानं आणखी एकदा. किंकाळी नाही. बायकोचा आवाजच नाही. मग बातम्या हळू हळू बारीक होत गेल्या आणि तोंडानं काढलेला नळाच्या धारेचा आवाज येऊ लागला. तो बराच वेळ चालला.

“हा कसला?” लंबूनं विचारलं.

“तोंड धुते. मग बाहेर येऊन विचारते, ‘जेवायला वाढू का?’”

कुणी हसलं नाही. लंबूचा हात केव्हाच खाली आला होता.

“सगळ्यांनी पाणी पिऊन या,” बाई म्हणाल्या. “आणि आत्ता इथे जे ऐकलंत, ते इथेच ठेवा.”

वर्ग रिकामा झाला तशा त्या चादरीमागे गेल्या आणि मुंगीशेजारी फरशीवर बसल्या.

“तू कुठे असतेस तेव्हा?”

“गॅलरीत. धाकट्याला घेऊन. त्याला सांगते, लपाछपी आहे, आवाज करायचा नाही.”

बाईंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

“उद्या असंच करू ना?” मुंगीनं विचारलं.

“उद्या घरून कोण येणार आहे तुझ्या?”

“दोघंही. बाबा नेहमी पुढेच बसतात.”

“मग असं नको, बाळा. उद्या आपण ताटच पाडू.”

“पण ते खोटं आहे. मग लोकांना कळणार कसं?”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“लोकांचं नंतर बघू. आज दुपारी मी तुझ्या आईकडे येते, बाबा कामावर असताना. तुझं नाव निघणार नाही.”

“आई दार उघडत नाही. नंतर म्हणते, डोळा लागला होता.”

“उघडेपर्यंत उभी राहीन.”

मुंगीनं मान हलवली. मोठ्या माणसांनी काही कबूल केलं, की ती अशीच मान हलवायची.

चादरीच्या कडेला दोन लांब पाय दिसले. लंबू पाणी प्यायला गेलाच नव्हता.

“बाई, मी हिच्या खालच्या मजल्यावर राहतो,” तो म्हणाला. तो बाईंशी बोलत होता, मुंगीकडे बघत नव्हता. “आम्हाला येतो ऐकू. टीव्ही येतो, धप्प पण येतं. मला वाटायचं, सामान हलवतात. मग आमचे बाबा आमचा टीव्ही मोठा करतात.”

“माहीत आहे,” मुंगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तुमचा मोठा झाला, की आई दाराकडे बघायचं सोडते.”