सिंधुबाईंचा गुडघा

"आज मुक्काम. हिचा गुडघा लई दुखायलाय," चहाची बशी तोंडाला लावता लावताच भागवतरावांनी जाहीर करून टाकलं.

सिंधुबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. त्यांचा गुडघा ठणठणीत होता. उदगीर सोडल्यापासून एकदाही कुरकुरला नव्हता. दुखत होता तो ह्यांचा. नांदेड मागं पडल्यापासून पायडल मारताना दात आवळून धरायचे, ते काय दिसत नव्हतं? पण कबूल करतील तर ते भागवतराव कसले! "साठीत सायकलवर नागपूर? लेकीकडं जायला रेल्वे बंद पडली का?" म्हणून अख्ख्या गल्लीनं खोड काढली, तेव्हा ह्यांनी छाती पुढं काढून सांगितलं होतं, "माझ्यामुळं एक दिवस जरी थांबलो, तर सायकल विकून टाकीन."

"हाव ना," सिंधुबाई म्हणाल्या. "रात्रभर डोळा न्हाई लागला." आणि न्हाणीकडं जाताना मुद्दाम लंगडल्या.

हदगावातलं हे घर धम्मानंदचं, भागवतरावांच्या जुन्या सहकाऱ्याचं. पाहुणीचा पाय दुखतोय म्हटल्यावर त्याची आई सरजाबाई थोडीच गप्प बसणार! तिनं एरंडाचं पान आणलं, तेल लावून तव्यावर गरम केलं आणि सिंधुबाईंच्या गुडघ्यावर बांधलं. मग मिठाच्या पुरचुंडीनं शेक. धम्मानंदची बायको बुद्धप्रिया पायाखाली उशी सरकवून गेली.

भागवतराव खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. पुरचुंडी टेकली की इकडं त्यांच्याच तोंडून "हं..." निघायचं. बिचाऱ्यांचं बघून सिंधुबाईंना हसूही येई आणि जीवही तुटे.

"एक पान ह्यांनाबी बांधा की. ह्यांनीबी तेवढीच सायकल मारलीय."

"मला? मला काय धाड भरलीय?"

दुपारी शेजारणी सायकलवाल्या बाईला बघायला आल्या. सिंधुबाई लंगडत दारापर्यंत गेल्या.

"अगं बाई, पान उजव्याला अन् लंगडून राहिल्या डाव्यानं?" एकीनं विचारलं.

"दोन्ही दुखायलेत," सिंधुबाई म्हणाल्या. भागवतरावांना एकदम ठसका लागला.

दिवस कलल्यावर सरजाबाईनं पान सोडून बघितलं आणि मान हलवली. "पानानं उतरून न्हाई राहिलं. बिब्बा घालावा लागते." तिनं सुईला बिब्बा टोचला आणि दिव्यावर धरला. तेल चरचरायला लागलं.

"मावशी, डाग पडते बरं," बुद्धप्रिया हळूच म्हणाली. "जन्मभर जात न्हाई."

सिंधुबाईंनी एकवार नवऱ्याकडं बघितलं. मग लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन पाय पुढं केला.

"घाला."

सुई टेकणार, तेवढ्यात खुर्ची धाडकन मागं पडली.

"थांबा!" भागवतराव लंगडत पुढं आले आणि पायजमा वर केला. गुडघा सुजून भोपळा झाला होता. "माझा हाय. पहिल्यापासनं माझाच हाय."

सरजाबाईनं एकदा हा पाय बघितला, एकदा तो. "मग बावा, माझं दिवसभराचं तेल कुणीकडं गेलं?"

घर हसून हसून लोटपोट झालं. बिब्बा राहिला बाजूला, भागवतरावांच्या गुडघ्यावर नवं पान बसलं. सगळे स्वयंपाकघराकडं गेल्यावर ते बायकोशेजारी बाजेवर टेकले.

"खरंच घालू दिला असतास?"

"मग! सायकल विकून बसला असता तुम्ही."

भागवतरावांचे डोळे भरून आले होते. खाली पडलेलं तिचं पान ते उचलून टाकायला निघाले, तर सिंधुबाईंनी ते हातातून काढून घेतलं आणि पुन्हा गुडघ्यावर बांधायला सुरुवात केली.

"आता कशाला?"

"लेकीचा व्हिडिओ कॉल यायचाय," सिंधुबाईंनी गाठ आवळली. "कुणामुळं थांबलो, ते दिसाय नको?"