शिवणाच्या बाईंचा विद्यार्थी

शिवणाच्या बाई आणि गणिताच्या बाई एकाच शाळेतून निवृत्त झाल्या आणि शेजारीशेजारी राहू लागल्या. गणिताच्या बाईंना जुन्या विद्यार्थ्यांचे सारखे फोन. "अरे, तू होय! केवढा मोठा झालास!" असं त्या गॅलरीत उभ्या राहून बोलायच्या आणि इकडे शिवणाच्या बाईंच्या काळजातला एकेक टाका उसवायचा.

त्या सकाळी निवृत्त शिक्षकांचं बातमीपत्र आलं. शिवणाच्या बाईंनी ते मुद्दाम गॅलरीत येऊन मोठ्यानं वाचलं. "पेन्शन ऑफिस कुणालाही फोन करत नाही. जुना विद्यार्थी आहे असं सांगून मोबाइलवर आलेला नंबर विचारणारा माणूस चोर समजावा. ऐकलंत ना बाई? जपा हो!"

"माझी मुलं नंबर नाही विचारत, तब्येत विचारतात," गणिताच्या बाई हसल्या. "आणि तुम्हाला कसली भीती? तुम्हाला कुठे कुणाचा फोन येतो?"

बोल वर्मी लागला.

संध्याकाळी शिवणाच्या बाईंचा फोन वाजला. "बाई, ओळखलंत? तुमचा विद्यार्थी. तुम्ही शिकवलेला इतिहास अजून पाठ आहे! आता पेन्शन ऑफिसात असतो. मोबाइलवर एक नंबर आला असेल, तेवढा सांगा."

चोरच होता मेला. बाई फोन ठेवणार, तेवढ्यात गणिताच्या बाई वाळलेले कपडे काढायला पलीकडच्या गॅलरीत आल्या.

शिवणाच्या बाईंनी फोन ओठांशी नेला आणि हळूच म्हणाल्या, "नंबराचं मग बघू. इतिहास नव्हे रे बाळा, शिवण म्हण. आणि जरा मोठ्यानं हं. थांब, स्पीकर लावते."