डावा आरसा

नेव्हिलने कॅरॅव्हॅन तिसऱ्यांदा मागे घ्यायला सुरुवात केली आणि पुन्हा ब्रेक दाबला. समोरच्या रांगेत खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींनी बिअरचे डबे मांडीवर टेकवले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या करुंबाच्या त्या कॅरॅव्हॅन पार्कात उन्हं उतरली की करमणूक एकच. नवीन आलेलं जोडपं गाडीमागे जोडलेलं आपलं चाकांवरचं घर दोन आंब्यांच्या मधल्या जागेत कसं घालतं, ते बघायचं. सगळेच निवृत्त. दक्षिणेतली घरं कुणी विकून, कुणी कुलूप लावून थंडी चुकवायला इकडे पळून आलेले. प्रत्येकाचा पहिल्या दिवशी असाच तमाशा झालेला, त्यामुळे दुसऱ्याचा बघायला कुणाला लाज वाटत नव्हती.

मागे त्याची बायको ग्लेनिस उभी होती, हातात वॉकीटॉकी घेऊन. उजवीकडे घे, डावीकडे झाड आहे, असं ती घसा कोरडा करून सांगत होती, आणि कॅरॅव्हॅन नेमकी त्या झाडाकडेच निघाली होती. कोपरा आणि बुंधा यांच्यात वीतभर जागा राहिली. आता घटस्फोट होणार, असं खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

नेव्हिलने इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. सत्तरीचा धिप्पाड माणूस, आणि खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं. मग त्याने आपला वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"ग्लेन, मला डाव्या आरशातलं दिसत नाही."

"मग हलवून घे की जरा."

"आरसा जागेवर आहे गं. माझी नजर गेलीय. डावीकडे सगळं धुरकट आहे."

एकदा तोंड उघडल्यावर त्याने सगळंच सांगून टाकलं. वाटेतल्या माउंट आयझा गावात टायर दाखवून येतो म्हणून गेला होता, तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काचबिंदू निघाला. गेली ती नजर परत यायची नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल, पण गाडी चालवणं आजपासून बंद, असं त्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. तरी हा चालवतच राहिला. बॅलराटचं घर विकून टाकलेलं, मग परत जायचं कुठे? मुलीच्या मागच्या खोलीत? जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे नळ जोडले आणि म्हातारपणी एवढा एक रस्ता मागितला होता, तोही आता संपला. तुझा जीव धोक्यात घातला मी, असंही म्हणाला.

ग्लेनिसने वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"नेव्ह, क्लॉनकरी सोडल्यापासून मी तुला सारखी 'डावीकडे बघ, गाई किती छान आहेत' म्हणून सांगतेय. मला काय गाईंचं वेड लागलंय?"

"तुला माहीत होतं?"

"मिठाची बरणी तुझ्या डाव्या कोपराशी असते आणि तू टेबलभर शोधतोस. बायको आहे मी तुझी, पाहुणी नाही."

रोज रात्री ती ठरवायची की उद्या बोलायचंच, आणि सकाळी त्याचा गाडी पुसतानाचा चेहरा बघून गप्प बसायची. भीतीने अर्धी झाले होते, म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बदलला.

"आणि ऐक. ही गाडी घेतली त्या दिवसापासून मला ती चालवायचीय. एकदा तरी स्टिअरिंगला हात लावू दिलास? उतर खाली."

नेव्हिलचा जीव भांड्यात पडला. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदाच छातीभर श्वास आत गेला आणि तो डोळे पुसत हसायलाच लागला. प्रवास संपला नव्हता. फक्त बसायची बाजू बदलली होती.

खाली उतरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की खुर्च्यांवर कुणी हसत नाहीये. सगळे आपापल्या वॉकीटॉकीकडे बघत होते. हायवेवर कॅरॅव्हॅनवाल्यांचं चॅनेल एकच असतं. पार्कात शिरल्यावर दोघांतलं बोलायचं तर ते बदलायचं, आणि नेमकं तेच दोघं विसरले होते. काचबिंदूपासून गाईंपर्यंत सगळं अख्ख्या पार्काने ऐकलं होतं. नेव्हिलचे कान लाल झाले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक माणूस आपली खुर्ची उचलून आला आणि ती जागेच्या मागच्या टोकाला उजव्या अंगाला मांडली. इथे बस गड्या, इथून तुला दोन्ही झाडं दिसतील, एवढंच म्हणून तो परत गेला.

ग्लेनिसने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावले. कॅरॅव्हॅन आधी भलतीकडेच वळली, मग पुढे गेली, मग परत मागे आली. स्टिअरिंग खालच्या बाजूला धर, मागचं टोक जिकडे न्यायचंय तिकडेच हात ने, असं नेव्हिल खुर्चीतून सांगत होता. कितीदा तरी पुढेमागे करून शेवटी घर दोन आंब्यांच्या मध्ये शिरलं. कुठे धक्का लागला नाही, पण उभं राहिलं ते पार तिरकं. दार शेजाऱ्यांच्या चुलीकडे तोंड करून होतं.

इंजिन बंद झालं. वॉकीटॉकीतून ग्लेनिसचा धापा टाकणारा आवाज आला.

"सरळ लागलंय का रे?"

चॅनेल बदलायचं आता नेव्हिलला आठवलं होतं, पण त्याने बदललं नाही.

"मला तर अगदी सरळ दिसतंय," तो म्हणाला.