इनुवेरीची तक्रार

“काय काय बोललास ते शब्दन्‌शब्द सांग,” मुलवेया म्हणाला आणि सुपारीचा लाल चोथा त्याने पायाशी थुंकला. तो चर्चचाही प्रमुख आणि न्यायसभेचाही.

कायदोगा उभा राहिला. बेटावरच्या दवाखान्यात औषधे देण्याचे काम त्याचे. समोर सारा गाव बसला होता. कोनफळांच्या कोठाराच्या सावलीत म्हातारे, उन्हात बायका आणि मागे शनिवारच्या बोटीने मासळीच्या कारखान्यात कामाला निघालेली अकरा तरुण मुले-मुली. कायदोगाच्या थोरल्या बहिणीचा, इनुवेरीचा, मुलगा टोबियाही त्यांतच होता.

तक्रार इनुवेरीची होती. मंगळवारी शाळेच्या खोलीत भावाने त्या अकरा जणांपुढे स्त्री-पुरुष संगाविषयी उघड शब्द उच्चारले आणि ते आपल्या कानांवर पडले, एवढेच तिने सांगितले होते. अधिक सांगण्याची आवश्यकता नव्हती. बहिणीच्या देखत भावाने असे बोलावे, याहून ओंगळ कृत्य त्या बेटाला ठाऊक नव्हते. आरोप ऐकताच कायदोगा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने तो मान्य केला.

रीतीप्रमाणे इनुवेरीला दूर विहिरीपाशी पाठमोरी बसवले होते. इतरांना मात्र निवाडा होईपर्यंत उठता येत नसे. अपराधाचे शब्द सभेने जसेच्या तसे ऐकावेत, असा पूर्वजांचा दंडक होता. एरवी भावंडांनी एकत्र ऐकू नयेत असे शब्दही तेथे मृत मानले जात. त्यांचा विटाळ कोणास लागत नसे.

“काही गाळलं तर?” कायदोगाने विचारले.

“तर दुप्पट दंड.”

“मी म्हणालो, एचआयव्ही शिवल्यानं होत नाही, एका पातेल्यात जेवल्यानं होत नाही. होतो तो असा.” आणि त्याने अवयवांची नावे घेत, आडपडदा न ठेवता, सारे सांगितले. कोणी ‘नको’ म्हटले की तेथेच थांबावे, हेही सांगितले.

बायकांनी नाके मुरडली.

“शी,” बोईता म्हातारी म्हणाली. “ह्याच तोंडानं रविवारी स्तोत्रं म्हणतोस होय रे मेल्या?”

“ह्याच, आजी. दुसरं दिलं नाही देवानं.”

“पुढे बोल,” मुलवेया गुरकावला.

“पुढे निरोध दाखवला. सुपारीबरोबर चुना चाटायची दांडी असते ना, तिच्यावर.”

मुलवेयाने आपली कोरीव दांडी मुकाट्याने मांडीखाली सरकवली. परंतु अपराध पुरता दिसल्यावाचून निवाडा होत नसे. अखेरीस कोणीतरी आपली दांडी पुढे फेकली.

“आता ती परत नको रे बाबा मला,” फेकणारा म्हणाला. पाठीमागून कोणी खुसखुसले.

कायदोगाने खिशातून निरोधाचे पाकीट काढले. “तारीख बघायची. दातांनी फाडायचं नाही. टोक चिमटीत धरायचं. मग मुळापर्यंत उलगडत न्यायचं. एक, एकदाच. नंतर गाठ मारून पुरायचं.” माशाच्या आतड्यासारखी ती तेलकट, बुळबुळीत वस्तू दांडीवर चढताना पाहून पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. कोणाचीही दृष्टी मात्र ढळली नाही.

“पुरे,” मुलवेया म्हणाला. त्याचा चेहरा आंबट झाला होता. “अरे, पण हवीय कशाला ही घाण? दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत. झालाच तर रोज एक गिळायची.”

“ह्याचंही उत्तर माझ्या बोलण्यात होतं. गाळू?”

मुलवेयाने हातानेच ‘बोल’ अशी खूण केली.

“गोळी चांगलीच आहे. रोज घेतली, रक्तातला विषाणू दबून राहिला, तर माणूस म्हातारा होतो, दुसऱ्याला देतही नाही. पण ती जन्मभर घ्यावी लागते, एक दिवस न चुकवता. आणि माझं कपाट चाळीस दिवस रिकामं आहे. बोटीतून तांदूळ आला, साबण आला, गोळ्या नाही आल्या. जे गोळीवर जगतात, त्यांना रोज सकाळी मी काय तोंड दाखवतो ते मला माहीत. मग ज्यांना अजून काही झालंच नाही, त्यांना ‘जा, गोळी आहे’ असं कसं सांगू?”

 

मुलवेया मागच्या रांगेकडे वळला. “हे सगळं तुम्ही बसून ऐकलंत?”

“मी नव्हतो तिथं,” टोबिया मान खाली घालून म्हणाला.

“मीपण नव्हते,” शेजारची मुलगी म्हणाली.

“माझा मुलगा गेलाच नव्हता,” एक बाई ओरडली.

“सगळ्या आया हेच म्हणतात,” बोईता म्हणाली. “लाजेनं खोटं बोलतायत कार्टी.”

निवाडा झाला. कायदोगाने बहिणीला एक डुक्कर द्यावे. तो वर्ग पुन्हा कधीही भरू नये. कायदोगाने बहिणीच्या अंगणात पाऊल ठेवू नये, तिच्या हातचे खाऊ नये, आज डुक्कर देऊन झाल्यावर तिच्याशी बोलू नये. आई गेल्यावर इनुवेरीनेच त्याला भरवून वाढवले होते, हे साऱ्यांना ठाऊक होते. परंतु दंड कोणालाच अधिक वाटला नाही.

लोक समुद्राकडे निघाले. विटाळ नसतो हे खरे. तरी कान धुतलेले बरे, असे बोईताचे मत पडले. अकरा जण घोळक्याने मागून चालले होते आणि आपापसांत काहीतरी कुजबुजत होते.

कायदोगा डुकराची दोरी धरून विहिरीपाशी आला. इनुवेरीने मान वर केली नाही.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “मंगळवारी माझ्या वर्गाकडे कुणीसुद्धा फिरकलं नव्हतं.”

इनुवेरीने दोरी आपल्या मनगटाला गुंडाळली.

“म्हणून तर तक्रार केली,” ती म्हणाली.